हळदीची कॅप्सूल, लाल माठाची भाजी आणि पक्षाघात

विक्रोळीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई ६७ वर्षांच्या. गेल्या महिन्यात सकाळी भाकरी थापताना त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला, जीभ जड झाली आणि वीसेक मिनिटांत सगळं पूर्वीसारखं झालं. घरच्यांनी त्यांना संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. आता रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉल उतरवणारी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि बीपीची टेल्मिसार्टन अशा गोळ्या सुरू आहेत. ताईंच्या यजमानांचं वय ४३, बीपी १५०/९६, पण ‘एकदा गोळी लागली की जन्माची’ म्हणून ते गोळीला हात लावत नाहीत. अशात शेजारच्या बाईंनी हळद, द्राक्षाच्या बिया आणि ग्रीन टी यांच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. महिन्याचे १८०० रुपये. ‘यातल्या अँटिऑक्सिडंटमुळे मेंदूच्या नसा साफ राहतात, पॅरॅलिसिस होत नाही,’ असं त्या म्हणाल्या. दहा दिवसांपासून मायलेक दोघंही त्या घेत आहेत. ताई विचारतात: वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटनी पक्षाघात खरंच टळतो का, या कॅप्सूल चालू ठेवू का, आणि जेवणात नेमकं काय बदलू?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. भाज्या, फळं, डाळी, दाणे नियमित खाणाऱ्यांत पक्षाघात कमी होतो, याला भक्कम आधार आहे. त्याच वनस्पतींतला एखादा घटक वेगळा काढून कॅप्सूलमध्ये भरला की तो पक्षाघात टाळतो, असं आजवरच्या कोणत्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. सासूबाईंची कॅप्सूल आजच थांबवा. यजमानांचीही थांबवा, आणि त्यांच्या बीपीकडे लक्ष द्या, कारण तुमच्या घरातला सगळ्यात मोठा न हाताळलेला धोका तिथे आहे.

आता ही अँटिऑक्सिडंटची कल्पना आली कुठून ते सांगते. ती खुळचट मुळीच नाही. मी निवासी डॉक्टर होते त्या काळात, १९९० च्या दशकात, आम्ही स्वतः वॉर्डातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर व्हिटॅमिन ई लिहून देत होतो. मनापासून लिहीत होतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या प्रत्येक वाहिनीला आतून एका पेशीएवढ्या जाडीचं अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्या वायूमुळे वाहिनी सैल राहते आणि रक्तातल्या प्लेटलेट तिला चिकटत नाहीत. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. वाढलेलं बीपी, वाढलेली साखर, तंबाखू आणि आपल्या शहराच्या हवेतला धूर यांमुळे या अस्तरात मुक्त कण म्हणजे फ्री रॅडिकल, शेजारच्या रेणूंवर झडप घालणारे अस्थिर कण, वाढतात आणि ते नायट्रिक ऑक्साइड निकामी करतात. वाहिनी आवळलेली राहते. शिवाय वाईट कोलेस्टेरॉल वाहिनीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइझ होतं, पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात आणि तिथेच साचतात. वर्षानुवर्षं साचलेला हा थर एखाद्या दिवशी फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि ती मेंदूकडे वाहत जाते.

म्हणजे आजाराच्या मुळाशी ऑक्सिडेशन आहे, हे खरं. मग ऑक्सिडेशन थांबवणारा पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, भरपूर दिला की झालं, असं वाटणं साहजिक होतं. त्यातच नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ५५२ पुरुषांना १५ वर्षं पाहिलं, तर ज्यांच्या आहारात फ्लेव्होनॉइड जास्त, म्हणजे मुख्यतः जे चहा जास्त पीत, त्यांच्यात पक्षाघात बराच कमी दिसला. फ्लेव्होनॉइड म्हणजे चहा, कांदा, सफरचंद, द्राक्षं, जांभूळ, कोकम यांतली रंग आणि तुरटपणा देणारी संयुगं. तेव्हापासून ‘वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट आणि मेंदू’ ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

अशा निरीक्षणाला एक मर्यादा असते. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. दादरच्या बाजारात रोज संध्याकाळी थांबून दोन भाज्या आणि फळं घेणारी व्यक्ती आणि रात्री दहाला लोकलमधून उतरून वडापाववर भागवणारी व्यक्ती यांच्यात फरक फक्त फळांचा नसतो. झोप, मीठ, तंबाखू, पगार, बीपी तपासून घ्यायची सवड, असा सगळ्यातच फरक असतो. फळ खाणाऱ्याला पक्षाघात कमी झाला, तर श्रेय फळाचं किती आणि बाकीच्या आयुष्याचं किती, हे नुसतं पाहून ठरत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी द्यावी लागते.

तशा चाचण्या झाल्या, आणि त्यांनी आमचे डोळे उघडले. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांना बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातला केशरी घटक, आणि व्हिटॅमिन ई दिलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला होता. पुढे ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांना पाच वर्षं व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र दिलं. २००२ चा निकाल: रक्तातली जीवनसत्त्वं छान वाढली, पक्षाघात होता तेवढाच राहिला. वयस्क लोकांना जिन्को नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क वर्षानुवर्षं देऊन पाहिला, त्यानेही पक्षाघात कमी झाला नाही.

व्हिटॅमिन ईची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तुमच्या सासूबाईंशी तिचा थेट संबंध आहे. पक्षाघाताचे दोन प्रकार आहेत. एकात रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुंबईत २००५-०६ मध्ये वस्तीत फिरून पक्षाघाताची नोंदणी केली गेली, तिच्यात दर दहांपैकी साधारण आठ रुग्ण गुठळीचे होते आणि उरलेल्यांतले बहुतेक रक्तस्रावाचे. व्हिटॅमिन ईच्या सगळ्या चाचण्या २०१० मध्ये एकत्र करून पाहिल्या, तेव्हा गुठळीचा पक्षाघात १० टक्के कमी आणि रक्तस्रावाचा २२ टक्के जास्त, असं चित्र दिसलं. रक्तस्रावाचा झटका अनेकदा जीवच घेतो. एका हाताने थोडं दिलं आणि दुसऱ्या हाताने जास्त महागाचं काढून नेलं. ‘नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी तोटा नाही,’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. हा निकाल त्या वाक्याचं उत्तर आहे.

झटका आल्यानंतर अँटिऑक्सिडंट देऊन मेंदू वाचवण्याचे प्रयत्नही झाले. मुक्त कण पकडणारं एक औषध २००६ च्या चाचणीत उपयोगी वाटलं, २००७ च्या त्याहून मोठ्या चाचणीत पूर्ण फसलं. एडारावोन हे त्याच जातीचं औषध जपानमध्ये २००१ पासून वापरात आहे आणि आपल्याकडेही काही ठिकाणी दिलं जातं, पण बंद झालेली वाहिनी उघडण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

मग सिद्धान्त बरोबर असताना गोळ्या का फसल्या? मला पटणारं कारण असं. हळदीतलं कर्क्युमिन किंवा चहातलं कॅटेचिन परीक्षानळीत मुक्त कण पटापट पकडतं, पण पोटात गेल्यावर त्याचा फार थोडा अंश रक्तात पोचतो. आतडं आणि यकृत त्याचं रूप बदलून टाकतात. रक्तात आधीच असलेल्या व्हिटॅमिन सी आणि युरिक अ‍ॅसिडच्या तुलनेत ते चिमूटभरही नसतं. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट क्षमता आहे याचा स्वतःचाच तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून घेतला. परीक्षानळीतला आकडा माणसाच्या शरीराबद्दल काही सांगत नाही आणि विक्रेते तो वेष्टनावर छापतात, ही त्यामागची अडचण होती. दुसरं म्हणजे मुक्त कण सगळेच शत्रू नसतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात, पेशी एकमेकींना निरोपही त्यांच्यामार्फत देतात. सरसकट सगळे पुसून टाकणं शरीराला मानवत नाही.

तरीही भाजी काम करते. ती मुक्त कण मोजून पकडत असल्यामुळे नव्हे, तर तिच्यातल्या इतर गोष्टींमुळे. आणि त्या इतर गोष्टींचा मोठा भाग बीपीच्या वाटेने जातो.

३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के भार दहा कारणांशी जोडता आला, आणि त्यांत सगळ्यात वरचं कारण वाढलेलं बीपी होतं. वरचं बीपी १० अंकांनी उतरलं की पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्शाने उतरतो. हे एवढं कुठलाही अर्क करू शकलेला नाही. म्हणून ताटातल्या प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारते: ही बीपीला आणि वाहिनीच्या अस्तराला काय करते?

पालेभाजीत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला मदत करतं. लाल माठ, पालक, बीट यांत नायट्रेटही असतं. जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, पोटात गेल्यावर त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, म्हणजे अस्तर जे स्वतः पुरेसं बनवू शकत नाही तेच बाहेरून मिळतं. लंडनमध्ये २०१५ मध्ये बीपीच्या रुग्णांना रोज २५० मिलिलिटर बीटचा रस चार आठवडे दिला, तेव्हा वरचं बीपी सुमारे ८ अंकांनी उतरलं. ज्या रसातलं नायट्रेट काढून टाकलं होतं त्याने ते उतरलं नाही. दोन्ही रसांचा रंग तोच. हे मला फार बोलकं वाटतं. जाता जाता सांगते, जंतुनाशक माउथवॉशने रोज दोनदा खळखळून चुळा भरणाऱ्यांच्या जिभेवरचे हे उपयोगी जंतूच मरतात, त्यामुळे दंतवैद्याने सांगितलं नसेल तर ती सवय सोडा.

म्हणून घरात कुठलीही एक पालेभाजी रोज शिजू दे. लाल माठ, पोकळा, चवळईचा पाला, शेपू, आंबाडी, मेथी, अळू, शेवग्याचा पाला, जी त्या दिवशी ताजी आणि स्वस्त असेल ती. पावसाळ्यात पाला महाग आणि चिखलाचा येतो, तेव्हा दुधी, पडवळ, घोसाळी, भेंडी चालतात. पाला नाही म्हणून भाजीच नको, असं करू नका. माती खाली बसेपर्यंत तीन पाण्यांतून धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर पोटॅशियम पाण्यात जातं, आणि उकडून पाणी फेकलं तर त्याहून जास्त जातं. ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत त्यांना आम्ही मुद्दाम असं पाणी फेकायला सांगतो, बाकीच्यांनी ते आमटीत घालावं. एक भाजी, एक कोशिंबीर, एक वाटी वरण किंवा उसळ आणि दिवसाला दोन फळं, एवढं झालं तरी मी खूश असते. फळ म्हणजे ड्रॅगनफ्रूट आणि ब्लूबेरी असं कोणीतरी तुमच्या मनात भरवलं असेल तर काढून टाका. पेरू, केळं, पपई, संत्रं, आवळा, हंगामात जांभळं आणि करवंदं. जांभळाचा जो रंग जिभेला लागतो तीच ती महागड्या बेरीतली संयुगं. कोकमाचा लाल रंगही त्याच कुळातला. सोलकढी जरूर प्या, मात्र आगळ बाटलीतलं असेल तर ते मिठात मुरवलेलं असतं, तेव्हा वरून मीठ घालू नका. घरची सुकी आमसुलं भिजवून केलेली बरी.

फळ चावून खा, रस नको. बीटच्या रसाचा अभ्यास वर सांगितला म्हणून लगेच रोज ग्लासभर रस काढायला बसू नका. सासूबाईंना मधुमेह असेल तर साखर चढते, आणि पालक-बीटच्या रसातलं ऑक्झॅलेट रोज मोठ्या प्रमाणात गेलं तर मूत्रपिंडात खडे होतात, क्वचित मूत्रपिंड बिघडतंही. दुधीचा रस तर कडू लागला की एक घोटही गिळायचा नाही, तो विषारी असू शकतो. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कोणीही कमरख, म्हणजे ते चांदणीसारखं कापलं जाणारं आंबट फळ, तोंडात घालू नये. ते अशा रुग्णांच्या मेंदूलाच विषारी ठरतं. कमरख खाल्ल्यावर उचक्या लागून, गोंधळलेल्या अवस्थेत आलेला रुग्ण मी पाहिला आहे. घरच्यांना वाटत होतं पक्षाघात झाला.

दाण्यांबद्दल. स्पेनमध्ये सुमारे ७,४०० जणांवर झालेल्या आहाराच्या चाचणीत, जिचे निकाल २०१३ मध्ये आले आणि काही त्रुटी दुरुस्त करून २०१८ मध्ये पुन्हा मांडले गेले, ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा आहारात घेणाऱ्यांत पक्षाघात ठळकपणे कमी झाला. तिथे अक्रोड, बदाम, हेझलनट होते. आपल्या घरात मूठभर बिनखारवलेले शेंगदाणे, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, तीळ असं बसवता येईल. तेच नेमके आकडे आपल्या शेंगदाण्याला लागू होतील असा दावा मी करणार नाही, पण चहासोबत फरसाण आणि खारी बिस्किटं खाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

चहा चालू ठेवा. त्यात फायदा असलाच तर तो पानाचा आहे, साखरेचा नाही, एवढं लक्षात ठेवून साखर निम्मी करा. ग्रीन टी प्यायलात तरी हरकत नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायचं काही कारण मला दिसत नाही.

आता मीठ. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. पोटॅशियम वाढवायचं आणि मीठ तसंच ठेवायचं म्हणजे एका दाराने हवा आत घ्यायची आणि दुसऱ्याने घालवायची. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं मिळून. तुम्ही घरात नेमकं किती खाता ते मोजायची माझी एक सोपी रीत आहे. मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती महिन्यात संपली, तर माणशी रोज ८ ग्रॅमहून जास्त झालं, आणि त्यात लोणचं, पापड, पाव, वेफर्स, हॉटेलचं आणि सुकी मासळी धरलेलीच नाही. माझ्या ओपीडीत येणाऱ्या बायका ही तारीख लिहून आणतात आणि पिशवी वीस दिवसांत संपली हे पाहून स्वतःच दचकतात. मग मला काही सांगावं लागत नाही. हळूहळू कमी करा, दर आठवड्याला थोडं. तीनेक आठवड्यांत जीभ सरावते. चव आणायला लिंबू, आमसूल, चिंच, कढीपत्ता, लसूण, मिरी आहेतच, आणि फोडणीत हळद आहे. ती हळद मात्र नि:शंकपणे घाला.

चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक चाचणी झाली. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ आणि अर्ध्यांना ज्यात २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलं आहे असं मीठ. २०२१ मध्ये निकाल आला: पोटॅशियमवाल्या गावांत पक्षाघात १४ टक्के कमी. वनस्पतींचा अर्क वगैरे काही नाही, नुसतं मीठ बदललं. असं ‘लो सोडियम’ मीठ मुंबईच्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात मिळतं. यजमानांची मूत्रपिंडं ठीक असतील तर ते चालेल. सासूबाईंना मात्र परस्पर देऊ नका. टेल्मिसार्टन रक्तातलं पोटॅशियम वाढवते, त्यावर हे मीठ आलं आणि मूत्रपिंड जरा जरी कमी काम करत असेल, तर हृदयाची लय बिघडू शकते. आधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांची तपासणी, मग डॉक्टरांना विचारून. एकाच चुलीवरच्या स्वयंपाकात दोन मिठं सांभाळणं कठीण असतं, त्यामुळे तुमच्या घरी साधंच मीठ कमी करणं जास्त सोयीचं पडेल असं मला वाटतं.

कॅप्सूलकडे परत येते. हळदीत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास असतं. भाजीत घातलेली अर्धा चमचा हळद अख्ख्या घरात वाटली जाते. अर्काच्या एका ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये चार-पाच चमचे हळदीइतकं कर्क्युमिन असू शकतं. ते शोषलं जात नाही म्हणून सोबत मिरीतलं पायपरीन घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूमध्ये झालेल्या प्रयोगात त्यामुळे माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन सुमारे २० पट वाढलं होतं. पण पायपरीन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या यंत्रणेलाही अडवतं, म्हणजे इतर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही हलू शकतं. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या आहेत. ग्रीन टीच्या अर्काचंही तेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त कॅटेचिन गोळीतून गेलं तर यकृताला धोका संभवतो. सासूबाई आधीच क्लोपिडोग्रेल घेतात, म्हणजे त्यांच्या प्लेटलेट मुद्दाम मंद केलेल्या आहेत. हळदीचा, द्राक्षबियांचा, लसणाचा, जिन्कोचा अर्क त्याच दिशेने ढकलतो. दोन्ही मिळून रक्तस्रावाकडे किती झुकतं ते कोणी मोजलेलं नसतं, आणि वर सांगितलेले २२ टक्के मला विसरता येत नाहीत.

कॅप्सूलची बाटली फेकू मात्र नका. पुढच्या तपासणीला सोबत न्या, लेबल डॉक्टरांना वाचू द्या, आणि दोघांचीही लिव्हरची रक्ततपासणी एकदा करून घ्या. रागावतील म्हणून लपवू नका. रुग्ण काय घेतो ते माहीत नसणं हीच आमची सगळ्यात मोठी अडचण असते.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम घेणाऱ्या कोणाला तुम्ही हे सगळं सांगणार असाल तर एक भर घाला. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं. त्यांनी पाला सोडायचा नसतो, रोज साधारण सारखाच खायचा असतो. सोमवारी तीन वाट्या आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वरखाली होतो.

तुमच्या पत्रात ‘आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत’ असंही आहे, आणि त्यामुळे तुम्हाला निर्धास्त वाटतं. ब्रिटनमधल्या सुमारे ४८ हजार लोकांच्या अभ्यासात २०१९ मध्ये असं दिसलं की शाकाहारींत हृदयविकार कमी होता, पण पक्षाघात, विशेषतः रक्तस्रावाचा, मांसाहारींपेक्षा २० टक्के जास्त होता. तैवानमधल्या बौद्ध शाकाहारींत याच्या उलट, पक्षाघात कमी दिसला. दोन्ही निरीक्षणंच आहेत, म्हणून घाबरून मासळी सुरू करायची गरज नाही. पण आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता मी रोज पाहते. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं, आणि ते वाहिन्यांना बरं नसतं. सासूबाईंचं बी-१२ एकदा तपासा. कमी निघालं तर ती गोळी मी आनंदाने लिहून देईन, कारण तिथे कमतरता भरून काढायची असते.

आता यजमान. त्यांना थेट सांगते. दादा, १५०/९६ हा आकडा एकदाच आला असेल तर आधी खात्री करून घ्या. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, दोन-दोन वेळा मोजा, पहिला दिवस सोडून बाकीच्याची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर बीपी आहे. साखर, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, ईसीजी हे सगळं ठीक असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून तीन महिने आहारावर प्रयत्न करून बघता येईल. भाज्या-फळं आणि कमी चरबीचं दूध-दही यांवर आधारलेल्या आहाराने बीपीच्या रुग्णांत वरचा आकडा ११ अंकांपर्यंत उतरल्याचं १९९७ मध्येच दिसलं आहे. पण तीन महिन्यांत आकडा हलला नाही, तर गोळी घ्या. ती जन्मभर लागली तर जन्मभर घ्या. ४३ व्या वर्षी ‘मला काही होत नाही’ म्हणणारी आणि ५१ व्या वर्षी बायकोच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत माझ्या खोलीत आलेली माणसं मी फार पाहिली आहेत. तंबाखू असेल, सिगारेट असेल, घरात कोणी मशेरी लावत असेल, तर ती सुटेपर्यंत भाजी अर्धंच काम करेल.

राहता राहिली ती वीस मिनिटं. तुम्ही लिहिलंय, ‘हात आपोआप बरा झाला म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो.’ ताई, बरं वाटणं हाच त्या प्रसंगातला फसवा भाग असतो. असा छोटा झटका येऊन गेल्यावर मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. त्या वेळी लगेच तपासणी आणि गोळ्या सुरू झाल्या तर तो बराच टाळता येतो. मानेच्या रक्तवाहिनीचा डॉप्लर, म्हणजे तिच्यातला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, झाला आहे का ते रिपोर्टमध्ये बघा. हृदयाची लय अनियमित आहे का हे शोधायला चोवीस तासांचा ईसीजी झाला नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. तशी अनियमितता सापडली तर क्लोपिडोग्रेल पुरेशी नसते, औषधच बदलावं लागतं.

पुन्हा तोंड वाकडं झालं, हात वर धरता आला नाही, बोलणं अडखळलं, तर पाणी पाजू नका, गोळी देऊ नका, थांबून बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी आधी मिळेल तिने निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास तुम्ही पाहिल्यापासून मोजत नाहीत, त्या शेवटच्या केव्हा ठीक होत्या तिथून मोजतात. ती वेळ कागदावर लिहून बरोबर आणा. तुमच्या घराजवळ चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, हे याच आठवड्यात फोन करून विचारा आणि तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला. संध्याकाळी सहानंतर पूर्व द्रुतगती मार्गाची काय अवस्था असते ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून रस्त्याच्या दोन्ही दिशांना एकेक ठिकाण ठरवून ठेवा.